गोल्फची तीन दरपत्रकं

"पोतनीस, तुम्ही कधी गोल्फ खेळलात?"

मुख्याधिकारी उपासनी साहेबांनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्या टेबलापुढे उभा होतो आणि आपली कुठली चूक उघडकीला आली असेल याचा मनाशी अंदाज बांधत होतो. गोल्फ माझ्या यादीत नव्हता.

"नाही साहेब."

"उत्तम. म्हणजे तुमचं मत निःपक्षपाती असणार."

ही गोष्ट शहाऐंशी सालच्या मार्चमधली. मी तेवीस वर्षांचा होतो आणि गारमाळ नगरपरिषदेत परिवीक्षाधीन कनिष्ठ लिपिक होतो. म्हणजे काम सगळ्यांइतकं करायचं, पण नोकरी आहे असं छातीठोकपणे सांगायचं नाही. गारमाळ हे डोंगरावरचं थंड हवेचं ठिकाण. साहेब लोक जाताना तिथे एक चर्च, एक तलाव आणि नऊ भोकांचं एक गोल्फ मैदान टाकून गेले. चर्च आणि तलाव कशासाठी असतात ते गावाला ठाऊक होतं. मैदानाचं काय करायचं ते चाळीस वर्षांत कुणालाच कळलं नव्हतं, म्हणून नगरपरिषदेनं त्याला पंधरा रुपये तिकीट लावलं होतं. रविवारी दोन निवृत्त अधिकारी आणि एक दातांचे डॉक्टर येऊन खेळत. बाकीचे सहा दिवस तिथे म्हशी असत.

त्या वर्षी लेखापरीक्षकांना ते तिकीट दिसलं आणि त्यांनी आक्षेप काढला. 'गोल्फचा दर रु. १५ कोणत्या आधारे ठरवला? दराची वाजवीता तपासल्याचे दिसून येत नाही.' आक्षेपाला उत्तर द्यायचं म्हणजे वाजवीता तपासणं आलं, आणि आमच्याकडे वाजवीता तपासायची रीत एकच होती. तीन दरपत्रकं मागवायची. कपाट घ्यायचं असो, फिनेल घ्यायचं असो की मेलेलं कुत्रं उचलायचं असो, तीन माणसांकडून बंद लिफाफ्यात दर घ्यायचे, तुलनात्मक तक्ता करायचा आणि सर्वांत कमी दर मंजूर करायचा.

मी भीत भीत म्हटलं की साहेब, गोल्फ मैदान जिल्ह्यात एकच आहे, तीन दरपत्रकं आणायची कुणाकडून? साहेब म्हणाले, तेच तर तुमचं कौशल्य. मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"हे बघा, नगराध्यक्षांच्या मनात त्या जागेवर मंगल कार्यालय बांधायचं आहे. वडिलांच्या नावानं. दर अवाजवी ठरला की मैदान बंद करायला कारण मिळतं. टिप्पणीचा शेवट आधी लिहून ठेवा, आकडे मागाहून भरा. तुमची परिवीक्षा एकतीस मार्चला संपते ना?"

मी हो म्हटलं. आमच्या घरी त्या एकतीस मार्चची वाट गणपतीसारखी पाहिली जात होती. वाईच्या एका मुलीकडच्यांनी पसंती कळवली होती, पण 'कायम झाल्यावर बोलू' असं पत्राच्या शेवटी लिहिलं होतं. तेव्हा मी जागेवर येऊन बसलो आणि सगळ्यात आधी टिप्पणीचं शेवटचं वाक्य लिहून काढलं. 'सबब, गोल्फचा प्रचलित दर अवाजवी असल्याचे सिद्ध होते.' अक्षर सुरेख आलं.

शेजारच्या टेबलावर आमचे हेडक्लार्क खर्शीकर भाऊसाहेब बसत. छत्तीस वर्षांची नोकरी, तोंडात कायम लवंग, आणि स्वतःहून कुणाला काही सांगायचं नाही हा नेम. त्यांनी माझं वाक्य वाचलं आणि दरपत्रकाच्या मथळ्यावर कामाचं नाव काय घालणार एवढंच विचारलं. मी म्हटलं, गोल्फ. ते म्हणाले, मग दुसरं कोण भरणार? नाव असं घाला की आणखी कुणाला तरी भरता येईल. दुपारपर्यंत खल करून आम्ही नाव ठरवलं. 'एका इसमाची एक वेळची करमणूक, खुल्या हवेत, अंदाजे अडीच तास.'

मंगळवारी मी घोडेवाल्या हसनभाई डांग्यांकडे गेलो. त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि ठेका किती वर्षांचा, घोड्यांचा चारा नगरपरिषद देणार का, असे प्रश्न काढले. मी सांगितलं की ठेका नाही, नुसता दर हवा आहे. मग गोल्फमध्ये माणूस जातो किती, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अडीच मैल. घोडा कुणाचा? घोडा नसतो, स्वतः चालायचं. हसनभाईंनी घोड्याच्या मानेवर हात ठेवला आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"म्हणजे चालणार गिऱ्हाईक, दमणार गिऱ्हाईक, आणि वर पैसे पण गिऱ्हाईकच देणार? पोतनीस, असा धंदा आम्हाला का नाही सुचला?"

त्यांनी दर भरून लिफाफा चिकटवून दिला. तलावावरच्या बोटवाल्या शिंगऱ्यांनी तर पाच मिनिटांत दिला, कारण त्यांना वाटलं की न दिला तर परवाना जाईल. तिसरं दरपत्रक जत्रेतल्या पाळणेवाल्याकडून घ्यायचं होतं, पण तो सोमवारीच पाळणा उतरवून फलटणला गेला होता. हाती दोन लिफाफे राहिले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. हा विषय ज्या सभेपुढे जायचा होता ती शनिवारी होती.

बुधवारी जागेची पाहणी करायला मैदानावर गेलो. तिथे कोंडीबा ढेबे भेटला. हा मैदानाचा माळी. बावीस वर्षं रोजंदारीवर गवत कापत होता, आणि मैदानाच्या वरच्या अंगाला, सात नंबरच्या भोकाजवळ एका खोपटात बायको, मुलगा आणि सून यांच्यासह राहत होता. मैदान गेलं की काम जाणार आणि खोपटही जाणार, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. मी कशासाठी आलोय हे त्याला माझ्या आधी कळलं असावं, कारण त्यानं अंगातली बंडी झटकली आणि नवरदेवाच्या मामाला मुलगी दाखवावी तसं मला मैदान दाखवायला लागला.

पाहणी म्हणजे प्रत्यक्ष खेळून बघणं, असा मी अर्थ काढला. पदरचे पंधरा रुपये घालून तिकीट फाडलं. कोंडीबानं खोपटातून साहेबांच्या काळातल्या तीन काठ्या आणल्या आणि एक चेंडू दिला.

"करायचं काय?" मी विचारलं.

"ह्यो चेंडू त्या तकडच्या भोकात घालायचा."

"मग?"

"मग काढायचा."

"काढायचाच होता तर घालायचा कशाला?"

कोंडीबानं मनापासून विचार केला. हा प्रश्न त्यालाही कधीतरी पडला असणार. "फुडच्या भोकात घालाया लागतो नव्हं," तो म्हणाला. "एकच चेंडू हाय."

मी वहीत लिहिलं, 'काम: चेंडू एका खड्ड्यातून काढून दुसऱ्या खड्ड्यात टाकणे. नग नऊ.' मग काठी उचलली. पहिल्या फटक्याला चेंडू जागचा हलला नाही, पण मातीचं एक ढेकूळ बरंच लांब गेलं. कोंडीबा निमूटपणे जाऊन ढेकूळ घेऊन आला आणि भोकात बूच बसवावं तसं जागच्या जागी बसवून वरून पायानं दाबलं. हे असं त्या दिवशी किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. फटके मात्र मोजले, कारण मोजणं हेच माझं काम होतं. चौथ्या भोकाच्या वाटेवर एक म्हैस चेंडूवरच बसली होती. खेळाच्या नियमात याला काय म्हणतात ते कोंडीबाला ठाऊक नव्हतं, पण म्हशीचं नाव ठाऊक होतं. त्यानं तिला नावानं हाक मारून उठवलं आणि आम्ही पुढे गेलो.

नऊ भोकं पुरी झाली तेव्हा माझे एकशे त्रेसष्ट फटके झाले होते, हाताला फोड आले होते आणि सदरा पाठीला चिकटला होता. मी सावलीत बसून भागाकार केला. पंधरा रुपयांना एकशे त्रेसष्ट फटके, म्हणजे फटक्याला सव्वानऊ पैसे. स्वस्त वाटलं. मग कोंडीबाला विचारलं, ते दातांचे डॉक्टर किती फटक्यांत संपवतात? तो म्हणाला, चाळिसात.

मी पुन्हा भागाकार केला. साडेसदतीस पैसे. दोन वेळा तपासला.

"कोंडीबा, अरे, म्हणजे जो चांगला खेळतो त्याला फटके कमी मिळतात. जितका हुशार तितका जास्त नागवला जातो."

"व्हय," कोंडीबा म्हणाला. "पर त्येच खूश होऊन जात्यात. ज्येला लई फटकं मिळत्यात त्यो काठ्या आपटतो."

याचा मला उलगडा झाला नाही. आजही पुरता झालेला नाही. मी वहीत 'दरात विसंगती' असा शेरा मारला आणि तो नोंदवताना मला बरंच समाधान वाटलं, कारण माझ्या लिहून ठेवलेल्या शेवटाला तो शोभत होता.

परत निघताना ती कल्पना सुचली. तिसरं दरपत्रक कोंडीबाकडूनच का घेऊ नये? गोल्फबद्दल गावात काही जाणणारा तो एकटाच होता. मी पिशवीतून कोरा नमुना काढून त्याच्या हातात दिला आणि सांगितलं की एका माणसाला एक वेळ मैदान फिरवायचे तू किती घेशील ते लिही, लिफाफा बंद कर आणि शुक्रवारपर्यंत आणून दे. तो कागद दोन्ही हातांत धरून उभा राहिला.

"साहेब, ह्येनं मैदान ऱ्हाईल का?"

"हा नुसता उपचार असतो रे," मी म्हणालो. "त्यानं काही होत नाही."

ते बोलताना मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. ज्या कागदानं त्याचं घर जायचं होतं त्यावर मी त्याचाच अंगठा मागत होतो, आणि हे मला तिथेच, उतारावर उभा असताना कळलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. पण तिसरा लिफाफा मिळाल्याचा सुटकेचा श्वास त्याहून मोठा होता, हेही खरं आहे.

शुक्रवारी त्यानं लिफाफा आणून दिला. सून सातवी शिकलेली होती, तिनं लिहून दिलं होतं. खर्शीकर भाऊसाहेबांनी लिफाफ्यावरचं नाव वाचलं, लवंग एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली आणि तिन्ही लिफाफे कपाटात ठेवून कुलूप लावलं. मी विचारलं, चालेल ना भाऊसाहेब? ते म्हणाले, मला विचारून घेतलंत का?

शनिवारी सर्वसाधारण सभा भरली. विषय नऊ, 'गोल्फ दराची वाजवीता तपासणे व आनुषंगिक निर्णय घेणे.' सभागृहात सतरा सदस्य होते आणि त्यातले निम्मे चहाच्या वाटेकडे डोळे लावून होते. नगराध्यक्ष झांजुर्णे पांढरेशुभ्र कपडे घालून आले होते. लिफाफे सगळ्यांसमक्ष फोडा, असं त्यांनीच सांगितलं होतं, म्हणजे मागाहून कुणी तोंड उघडायला नको. सभागृहाच्या दाराशी, चपलांच्या शेजारी, कोंडीबा उकिडवा बसला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी हाकललंही नव्हतं.

खर्शीकर भाऊसाहेब उभे राहिले. पहिला लिफाफा हसनभाईंचा. अडीच तास घोडा, पंचवीस रुपये, घोडा अडून बसल्यास जबाबदारी गिऱ्हाइकाची. दुसरा शिंगऱ्यांचा. अर्ध्या तासाला बारा रुपये, अडीच तासांचे साठ, पोहायला येत असल्यास पन्नास. सभागृहात हळूहळू अस्वस्थता पसरली, कारण या हिशेबानं गोल्फचे पंधरा रुपये फारच स्वस्त दिसायला लागले होते. नगराध्यक्षांनी मुख्याधिकाऱ्यांकडे पाहिलं आणि मुख्याधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तक्त्याकडे पाहिलं.

मग तिसरा लिफाफा फुटला. भाऊसाहेबांनी कागद चष्म्यापासून हातभर लांब धरला आणि एका सुरात वाचला.

"मी कोंडीबा रावजी ढेबे, राहणार गोल्फ मैदान, सात नंबर भोकाच्या वर. एका माणसाला एक वेळ मैदान फिरवायचे दोन रुपये घेईन. चेंडू हरवल्यास हुडकून देईन. म्हैस बसल्यास उठवीन. विनंती अशी की, पैसे भरून मला व माझ्या बायकोलापण एकदा तिकीट मिळावे. आजवर कामावरच्या माणसाला तिकीट देत नाहीत. निशाणी डावा अंगठा."

सभागृह हसलं. बराच वेळ हसलं. मी दाराकडे पाहिलं तर कोंडीबा मान खाली घालून फरशीवरची एक काडी उचलत होता. मला वाटलं, उठावं आणि तो कागद भाऊसाहेबांच्या हातून काढून घ्यावा. मी उठलो नाही.

नगराध्यक्ष मात्र खूश झाले. दोन रुपयांत होणारं काम नगरपरिषद पंधरा रुपयांना करते आहे, जनतेकडून तेरा रुपये फुकटचे उकळते आहे, हे आता कागदोपत्री आलं होतं. त्यांनी माझ्या टिप्पणीचं शेवटचं वाक्य स्वतः मोठ्यानं वाचलं. दर अवाजवी असल्याचं सिद्ध होतं. ठराव घ्या, असं ते म्हणाले. सतरा हात वर गेले आणि ठराव मंजूर झाला.

"आता मैदान बंद करण्याचा ठराव लिहा," ते भाऊसाहेबांना म्हणाले.

भाऊसाहेब लिहीत नव्हते. ते नुसते उभे होते.

"साहेब, दरपत्रकं मागवून दर अवाजवी ठरला, तर नियमाप्रमाणे सर्वांत कमी दर स्वीकारावा लागतो," ते म्हणाले. "स्वीकारायचा नसेल तर नाकारण्याची कारणं लेखी द्यावी लागतात. सहीनिशी. लेखापरीक्षक ती मागतात."

कुणी सही करायची, असा प्रश्न कुणीच विचारला नाही. नगराध्यक्ष म्हणाले की हे प्रशासनाचं काम. मुख्याधिकारी म्हणाले की हा धोरणाचा विषय, सभागृहानं कारण द्यावं. कागद या टेबलावरून त्या टेबलावर गेला आणि पुन्हा पहिल्या टेबलावर आला. सदस्यांपैकी तिघांना एकदम बाहेर जायचं आठवलं. शेवटी उपासनी साहेबांना मार्ग सुचला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अहो, तो माणूस आपल्याच कामावर आहे. कर्मचाऱ्याचं दरपत्रक चालतच नाही. बाद करा."

भाऊसाहेबांनी वाकून टेबलाखालची एक फाईल काढली. ती तिथे आधीपासून होती हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. गेल्या नोव्हेंबरात कोंडीबानं कायम करावं म्हणून सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे अर्ज केला होता, आणि त्याला आमच्याकडून उत्तर गेलं होतं.

"साहेब, आपल्या सहीचं पत्र आहे. 'सदर इसम हा नगरपरिषदेचा कर्मचारी नाही व कधीही नव्हता.' तो कर्मचारी आहे असं आज ठरावात घ्यायचं असेल तर घेतो. मग त्याला बावीस वर्षांपासून कायम धरावं लागेल. पगाराचा फरक काढायला दोन दिवस द्या."

उपासनी साहेबांनी पाण्याचा पेला उचलला, तो रिकामा होता, तरी प्यायले. नगराध्यक्षांनी सदस्यांकडे पाहिलं. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं की चहा आला आहे. एवढं होईस्तोवर विषय नऊवर पाऊण तास गेला होता आणि भजी गार होत होती.

"लिहा," नगराध्यक्ष म्हणाले. "सर्वांत कमी दर मंजूर."

भाऊसाहेबांनी लिहिलं. मैदान फेरीला दोन रुपये या दरानं कोंडीबा रावजी ढेबे यांना चालवायला देण्यात यावं, मुदत अकरा महिने, नूतनीकरणास पात्र. सदस्य चहाला गेले. मी कोंडीबाला दाराबाहेर गाठलं आणि झालं ते समजावून सांगितलं. त्याला दोनदा सांगावं लागलं. मग त्यानं विचारलं, "म्हंजे खोपट ऱ्हातंय?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, मग गवत कापाया जातो, आणि निघून गेला.

दुपारी मी भाऊसाहेबांना विचारलं की तुम्ही हे सगळं आधीच ठरवलं होतं का. मी नियम वाचून दाखवला, असं ते म्हणाले आणि लवंगेची डबी पुढे केली. त्या नोकरीत त्यांनी मला काही दिल्याची ती पहिलीच वेळ.

माझी परिवीक्षा सहा महिन्यांनी वाढवण्यात आली. कारण लेखी होतं: 'दरपत्रके मागवताना विवेक वापरला नाही.' वाईच्या मुलीचं लग्न त्या जूनमध्ये कऱ्हाडच्या एका बँकवाल्याशी झालं. मला वाईट वाटलं, पण ते त्या लग्नाचं नव्हतं, सभागृह हसत असताना मी उठलो नाही त्याचं होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी सकाळी कोंडीबा माझ्या खोलीच्या दाराशी आला. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला कडक टोपी, आणि मागे त्याची बायको सगुणा, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून. तिकिटांचं पुस्तक आता त्याच्याच ताब्यात होतं, पण स्वतःचं तिकीट स्वतः फाडणं त्याला पटत नव्हतं. त्यानं पुस्तक आणि चार रुपये माझ्यापुढे ठेवले. मी दोन तिकिटं फाडून त्याला दिली आणि त्यांच्याबरोबर मैदानापर्यंत गेलो.

त्यांनी काठी घेतली नाही, चेंडू घेतला नाही. दोघं फाटकातून आत गेली, तिकिटं हातात धरून, कुणी विचारलं तर दाखवायला. पहिल्या भोकापाशी जाऊन भोक पाहिलं, दुसऱ्यापाशी जाऊन ते पाहिलं. अशी क्रमानं सहा भोकं पाहून सातव्याजवळ, दरीच्या बाजूला, ती दोघं गवतावर बसली. मी जरा अंतरावर दगडावर बसलो. थोड्या वेळानं कोंडीबा उठला आणि वाकून काहीतरी उपटायला लागला.

"आवं, बसा की खाली," सगुणा म्हणाली. "तिकीट काढलंय न्हवं?"

तो बसला. पुढचा तासभर दोघं तिथेच बसून होती. ती दरीकडे पाहत होती. तो मात्र मैदानाकडे पाहत होता, पहिल्या भोकापासून नवव्यापर्यंत, डावीकडून उजवीकडे आणि परत. तिथं बसून ते सगळं त्यानं आधी कधी पाहिलेलं नव्हतं. पाहिलं होतं ते विळ्याच्या टोकापुढचं हातभर.

ऊन वर आल्यावर मी जवळ गेलो. आक्षेपाला अजून उत्तर गेलेलं नव्हतं आणि ते माझ्याच टेबलावर होतं, म्हणून विचारलं.

"कोंडीबा, खरं सांग. दर वाजवी वाटला का?"

त्यानं हातातल्या तिकिटाकडे पाहिलं. मग पुन्हा एकदा मैदानावरून नजर फिरवली.

"वसूल हाय, साहेब," तो म्हणाला. "गवत लई झ्याक राखलंय कुनी."

सगुणानं तोंडाला पदर लावला. तो हसत नव्हता. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याचं त्यालाच नवल वाटत होतं.

सोमवारी मी अनुपालन लिहिलं. 'आक्षेपानुसार दराची वाजवीता प्रत्यक्ष तिकीटधारकाकडून तपासली. दर वाजवी आहे. गवत उत्तम राखले आहे.' खर्शीकर भाऊसाहेबांनी वाचून खाली सही केली, आणि पुढच्या वर्षी आक्षेप निकाली निघाला.